सिग्नल ॲप: चोपड्याच्या मोबाईल दुकानातून अभिप्राय

मेसेज पाठवायचं ॲप म्हणून सिग्नलला पाचपैकी साडेचार. माणसांच्या वर्दळीसाठी पाचपैकी एक. या दोन आकड्यांची सरासरी काढू नका. साडेचारचं ॲप असून तिथे एकचीच वर्दळ का, हाच प्रश्न मला गेली काही वर्षं छळतोय.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं, रिचार्ज, आणि ज्यांना जमत नाही त्यांना ॲप टाकून देणं. शेवटच्या कामाचे मी पैसे घेत नाही, पण तालुक्यात कोणत्या महिन्यात कशाची लाट आली ते त्याच कामामुळे कळतं. माणूस टीव्हीवर काहीतरी ऐकतो आणि काउंटरवर फोन ठेवून म्हणतो, "भाऊ, ते नवीनवालं टाकी दे." वर्षभराने तोच फोन डिस्प्ले फोडून परत येतो, तेव्हा ते नवीनवालं शेवटच्या पानावरच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. नाहीतर जागा कमी पडली म्हणून नातवाने केव्हाच उडवलेलं असतं.

सिग्नलची मोठी लाट जानेवारी २०२१ ची. व्हॉट्सॲपने नवं गोपनीयता धोरण पुढे केलं: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं वापरता येणार नाही. ७ जानेवारीला टेस्लावाल्या इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' एवढंच ट्विट केलं आणि जगभरातून अशी झुंबड उडाली की ओटीपी पोचायला उशीर होतोय असं सिग्नलनेच जाहीर केलं. १५ जानेवारीला तर त्यांची सेवाच कोलमडली. टेलिग्रामने ७२ तासांत अडीच कोटी नवे लोक आल्याचं सांगितलं. व्हॉट्सॲपला आपल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन 'तुमचे मेसेज आम्ही वाचत नाही' असं सांगत बसावं लागलं.

आणि ते खरंही होतं. दुकानात येणाऱ्या दहापैकी नऊ जणांना वाटत होतं की आता बायकोला पाठवलेला मेसेज अमेरिकेत कोणीतरी वाचणार. धोरणाचा रोख वेगळा होता: व्यावसायिक खात्यांशी होणारा संवाद आणि नंबर, फोन, वापर अशी मेसेजभोवतालची माहिती फेसबुककडे कशी जाईल, याबद्दल. खुद्द मेसेजला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येऊ नये असं, कुलूप २०१६ पासून लागलेलं आहे, आणि गंमत म्हणजे ते कुलूप सिग्नलवाल्यांनीच घडवलेलं. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक ब्रायन ॲक्टन. २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी १९ अब्ज डॉलरला घेतली, २०१७ मध्ये हा गडी बाहेर पडला, आणि २०१८ मध्ये स्वतःचे ५ कोटी डॉलर घालून त्याने सिग्नल फाउंडेशन उभं केलं. जुन्या घराचा मालकच पुढच्या गल्लीत नवं घर बांधून बसला होता. तरीही लोक राहायला गेले नाहीत.

आमच्या भाऊबंदांचा एक ग्रुप आहे. निम्मे चोपडा-धरणगाव भागातले, बरेच सुरतेकडे उधन्याला, काही नाशिक-पुण्याला. त्या जानेवारीत सगळ्यात जास्त तापले होते ते उधन्याचे. "आपला डेटा फुकट का द्यायचा?" वगैरे. मी सिग्नलवर ग्रुप काढला. दर थोड्या वेळाने 'अमुक अमुक सिग्नलवर आले' अशा सूचना येत राहिल्या. काका आले, शालक आला, बोलणं बंद असलेले दोन चुलतभाऊसुद्धा आले. पहिले काही दिवस तिथे चर्चा कसली, तर व्हॉट्सॲप किती वाईट आहे याची. तो विषय संपला आणि ग्रुपही संपला. लग्नाच्या पत्रिका, बाळाचे फोटो, कोण दवाखान्यात आहे, हे सगळं जुन्या जागीच येत होतं. आत्याला मी उधन्याला फोन करून विचारलं, तुम्ही इकडे बोलत का नाही? ती म्हणाली, "अरे, मन्हा समदा माणसं आठेच शेतस. मी तठे एकलीच काय करू?" म्हणजे, माझी सगळी माणसं इथे व्हॉट्सॲपवरच आहेत, तिथे मी एकटी काय करू?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि सिग्नलकडेही नाही.

दुकानात तेव्हा एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पाटीच लावायला हवी होती: "दोन्ही राहू दे." निषेध करायचाय, नवीन टाकायचंय, पण जुनं काढायचं नाही. "जुनं उडवू का?" असं विचारलं की माणूस फोनवर हात ठेवायचा. मुलांची ऑनलाइन शाळा त्या वर्षी व्हॉट्सॲपच्या लिंकवर चालली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये लसीचं प्रमाणपत्र सरकारने व्हॉट्सॲपवर द्यायला सुरुवात केली. ज्या वर्षी लोक सोडून जायच्या गोष्टी करत होते, त्याच वर्षी सरकारनेही तिथेच खिडकी उघडली. मग सोडायचं कसं?

केळीवाल्यांचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. आमच्याकडे अडावद-धानोरा पट्ट्यात केळी, आणि केळीचा भाव म्हणजे रोजचं जगणं. बोर्डाचा, म्हणजे त्या दिवसाचा जाहीर भाव काय निघाला, बऱ्हाणपूरला लिलाव काय गेला, कोणाच्या बागेत कापणी आहे, गाडी कधी लागणार, हे सगळं ग्रुपवर. एका ग्रुपच्या ॲडमिनने, हा स्वतः बागायतदार, २०२१ मध्ये ठरवलं की आपण सिग्नलवर जायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं: आमच्या भावाची, मालाची, नंबरांची माहिती कोणी तिसऱ्याने का जमवावी? शेतकरी गेलेही. पण व्यापारी गेला नाही, मजुरांचा मुकादम गेला नाही, ट्रकवाला तर नाहीच. मग ॲडमिन बिचारा दोन्हीकडे भाव टाकायला लागला. दोन्हीकडे मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला जागा बदलेल? काही दिवसांनी तोही कंटाळला.

इथे एक गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. कापसाला भाव नसेल तर तो घरात भरून ठेवतो, ओसरीपासून माडीपर्यंत, आणि व्यापाऱ्याला वाट बघायला लावतो. केळीचं तसं होत नाही. घड तयार झाला की कापावाच लागतो. बोर्डापेक्षा कमी भावाने मागितला तरी शिव्या देत द्यावा लागतो. बोलण्याचं ॲप हे केळीच्या जातीचं आहे. आजचा भाव, आजचा निरोप, आजची कापणी. दोन दिवस तोंड बंद ठेवून बहिष्कार करायचा, तर नुकसान आपलंच आधी होतं, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

माझा भाचा पुण्याला आयटीत आहे. त्याने हेच दुसरीकडे पाहिलं. २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटने, ती साइट आपल्या ॲपमधून दाखवणाऱ्या बाहेरच्या ॲपवाल्यांकडून भरमसाट पैसे मागायचं ठरवलं. अपोलो नावाचं आयफोनवरचं एक लोकप्रिय ॲप बनवणाऱ्याने हिशेब मांडला, वर्षाला २ कोटी डॉलर. १२ जूनपासून आठ हजारांहून जास्त विभाग त्यांच्या सांभाळणाऱ्यांनी कुलूप लावून बंद ठेवले. मी फोनच्या सर्किट बोर्डच्या दुरुस्तीची उत्तरं तिथेच शोधतो. त्या दिवसांत जिथे बघावं तिथे दार बंद. मनात म्हटलं, याला म्हणतात संप. पण बहुतेकांनी संपाची मुदत आधीच जाहीर केली होती: ४८ तास. मुदत ठाऊक असलेल्या संपाला कोण घाबरतो? रेडिटच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना कळवलं की हेही निवळेल, आणि निवळलं. अपोलो ३० जूनला बंद झालं. भाचा लेमी नावाच्या पर्यायावर गेला, मला खूप कौतुक सांगितलं, आणि दिवाळीला घरी आला तेव्हा पुन्हा रेडिटच चाळत होता. "मामा, तिथली माणसं चांगली आहेत, पण दहा वर्षांची उत्तरं इकडे पडली आहेत." मार्च २०२४ मध्ये रेडिट शेअर बाजारातही आलं.

म्हणजे निषेधाने लोक कधी हलतच नाहीत का? हलतात. या रेडिटचंच जुनं उदाहरण आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये डिग या तेव्हाच्या बड्या साइटने सगळी मांडणी बदलली, लोक भडकले आणि थेट रेडिटवर गेले. डिग त्यातून सावरलंच नाही. ते जमलं, कारण रेडिट पाच वर्षांपासून तयार होतं, काम तेच होतं, आणि जाताना कोणाला आत्याला विचारावं लागलं नाही. अनोळखी लोकांचा बाजार होता तो. एकेकटा उठून गेला तरी चालत होतं. ट्विटरचं त्याच्या अधेमधे आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ लोक रागाने मॅस्टोडॉन या पर्यायावर गेले. तिथे आधी सर्व्हर निवडायचा, मग ओळखीची माणसं शोधायची. बरेचसे परत फिरले. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्काय या दुसऱ्या पर्यायाचे वापरणारे दोन कोटींच्या पुढे गेले, कारण ते दिसायला, वापरायला जवळपास जुन्या ट्विटरसारखंच होतं.

ट्विटरसारख्याच आपल्या देशी 'कू' ॲपची गोष्ट उलटी. २०२१ मध्ये मंत्री तिथे गेले, मराठीत लिहायची सोय, पिवळी चिमणी. पक्षाचे कार्यकर्ते दुकानात येऊन घाऊक खाती उघडून घेत होते. त्यातल्या कोणाला तिथे काही वाचायचं नव्हतं; फक्त खातं असायला हवं होतं. जुलै २०२४ मध्ये कू बंद झालं.

खानदेशात खरोखर गावंच्या गावं एका ॲपवरून उठलेली मी एकदाच पाहिली, आणि त्यात निषेधाचा संबंध नव्हता. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आमच्याकडे अहिराणी विनोदाचे, शेतातल्या नाचाचे व्हिडिओ करणारी पोरं-पोरी गल्लोगल्ली होती. काउंटरवर अक्षरशः रडवेली तोंडं घेऊन यायची: "काही करी पाहा ना, दादा." चिंगारी आलं, मित्रों आलं, मोज आलं, मी सगळी टाकून दिली. पण ती पोरं अखेर गेली कुठे? इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि यूट्यूबवर. रील्स भारतात त्याच जुलैत सुरू झालं, आणि इन्स्टाग्राम होतंच प्रत्येकाच्या फोनात. म्हणजे सरकारने दार बंद करूनसुद्धा माणूस जिथे आधीच ओळखीचे आहेत तिथेच गेला, तेही फेसबुकच्याच मालकाकडे. आपल्या शेजारच्या यावल तालुक्यात फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. बहिष्कार म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण फोनातला बहिष्कार हा वेगळाच प्राणी आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या अराट्टाई या मेसेज ॲपची लाट आली. अमेरिकेने आयातकर वाढवलेला, स्वदेशीची हवा, मंत्र्यांचं आवाहन. कंपनीचे श्रीधर वेंबू यांनी सांगितलं की रोजची नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली. चोपड्यातही "ते आपलं देशीवालं" टाकायला रांग होती. ॲप हलकं, साध्या फोनवर छान चालतं. तेव्हा त्यात मजकुराच्या मेसेजला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. २०२१ मध्ये "आमचे मेसेज वाचले जातील" म्हणून ओरडणाऱ्या त्याच गिऱ्हाइकांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "असू दे हो, आपलीच कंपनी आहे." यावरून मला कळलं की २०२१ चा राग गोपनीयतेचा थोडा आणि कोणीतरी आपल्याला गृहीत धरतंय याचा जास्त होता. तो राग खोटा नाही. पण तो कमी झाला की जायचं कारणही कमी होतं. आणि हो, तेव्हाही: "दोन्ही राहू दे."

निषेध फुकट गेला असं मात्र मी म्हणणार नाही. ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली, आणि त्यानंतरही धोरण न स्वीकारणाऱ्यांची खाती बंद झाली नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०२१ मध्ये चौकशी लावली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. म्हणजे पळून जायच्या धमकीने मालक जरा वरमतो. फक्त तो वरमल्यावर आपण राहतो.

आता सिग्नलबद्दल, कारण अभिप्राय त्याचा आहे.

जाहिरात नाही. व्हॉट्सॲपच्या अपडेट्सच्या पानावर जाहिराती आणायचं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. मेटा एआयचं गोल चिन्ह तर २०२४ पासूनच ठाण मांडून आहे आणि काढता येत नाही. सिग्नलमध्ये असलं काही नाही. देणग्यांवर चालतं, त्यामुळे तुम्हाला काही विकायची त्यांना गरज नाही. मराठीत वापरता येतं. आपोआप पुसले जाणारे मेसेज उत्तम; आमच्या ओळखीच्या वकील ताई त्यासाठीच वापरतात. माझा सीए कागदपत्रं तिथेच मागवतो. २०२४ पासून युजरनेम आलं, त्यामुळे नवीन माणसाला नंबर न देता बोलता येतं. दुकानदाराला आणि विशेषतः मुलींना ही सोय मोलाची आहे. खातं उघडायला मात्र मोबाईल नंबर लागतोच. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज तुटते, तिथे कॉलसाठी कमी डेटा वापरायची सेटिंग लावून ठेवा, फरक पडतो.

उणं काय? यूपीआय नाही, दुकानदाराचा कॅटलॉग नाही, शाळेचा आणि सोसायटीचा ग्रुप नाही. अँड्रॉइडवर पूर्वी साधे एसएमएसही सिग्नलमधूनच जायचे. ती सोय काढायची घोषणा त्यांनी २०२२ मध्ये केली. जुने वापरणारे चांगलेच चिडले, सिग्नलने ऐकलं नाही, आणि चिडलेले बहुतेक तिथेच राहिले. म्हणजे निषेधाच्या बाबतीत ही मंडळीही इतर मालकांपेक्षा फार वेगळी नाहीत. बॅकअपचा प्रकार वर्षानुवर्षं किचकट होता: फोनातच फाइल आणि तीस आकडी परवलीचा क्रमांक. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी ऑनलाइन सुरक्षित बॅकअप द्यायला सुरुवात केली, आधी अँड्रॉइडच्या चाचणी आवृत्तीत: मजकूर आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ मोफत. अर्धा तारा मी या उशिराचा कापला आहे.

माझ्या फोनात ते पहिल्या पानावर आहे. भाऊबंदांचा ग्रुप तिथे नाही आणि येईल असं वाटत नाही. पण आम्ही चार जण आहोत, मी, भाचा, सीए आणि नाशिकचा एक मित्र, आणि आमचं सगळं बोलणं तिथे होतं. हे कसं झालं? आम्ही चौघांनी एकाच संध्याकाळी ठरवलं आणि एकमेकांना व्हॉट्सॲपवर उत्तर देणंच बंद केलं. तिकडे मेसेज आला तरी उत्तर सिग्नलवर. चार माणसांत हे जमतं. दोनशेंत नाही जमत, कारण दोनशेंत एक ट्रकवाला असतोच.

टाकायचं असेल तर दुकानावर या, पैसे लागत नाहीत. पिन तुम्हीच ठरवा, मला सांगू नका, आणि घरी वहीत लिहून ठेवा. नोंदणी कुलूप, म्हणजे पुन्हा नोंदणी करताना पिन मागायची सोय, लावलेलं असताना पिन विसरली तर तेव्हा आठवडाभर खात्याबाहेर राहावं लागतं, आणि बॅकअपची किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा ती काढून देऊ शकत नाही. येताना एकटे येऊ नका. ज्याच्याशी रोज बोलता त्यालाही फोन घेऊन सोबत आणा, दोघांच्याही फोनात एकदमच टाकून देतो.